सील बदललं तरी डावा शॉकअप गळतोच? आधी चाक पाहा

तक्रार अशी होती. १५० सीसीची आठ वर्षं जुनी मोटरसायकल, पुढे साधे टेलिस्कोपिक शॉकअप, ३१ मिमीचे पाइप. डाव्या पाइपवर तेलाचं कडं. पुसलं की दोन दिवसांनी परत. पाइप शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकतो तिथे तेल अडवणारं रबरी कडं म्हणजे सील. वर्षभरात त्या एका बाजूचं सील चार वेळा बदललं. पहिल्यांदा गॅरेजमध्ये, दुसऱ्यांदा मी एकट्याने घरी, तिसऱ्यांदा आमच्या गाडीवेड्या ग्रुपच्या मदतीने आणि चौथ्यांदा परत ग्रुपच्याच मदतीने, पण या वेळी डोकं लावून. चौथं सील अजून कोरडं आहे. पहिल्या तीन वेळी काय चुकलं ते लिहितो, कारण प्रत्येक वेळी काहीतरी खरंच चुकलं होतं. फक्त ते मुख्य कारण नव्हतं.

सुरुवातीलाच एक धोक्याची गोष्ट. ज्या बाजूला डिस्क आहे तिकडचा शॉकअप गळत असेल तर गाडी चालवत राहू नका. तेल ओघळत ब्रेकच्या कॅलिपरवर येतं आणि पॅडमध्ये मुरतं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ होते, पॅड होत नाहीत. घासून, भाजून त्यांचं काही होत नाही, बदलावेच लागतात. माझी डिस्क डावीकडेच आहे. नागपूरच्या वर्धा रोडवर एकदा पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी निवांत पुढे सरकत राहिली, तेव्हा हे कळलं.

उघडण्याआधी एक्स-रेची पट्टी

गळणारं प्रत्येक सील फाटलेलंच असतं असं नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, सिमेंट रस्त्यांच्या कामाची भुकटी, मुरमाची धूळ, हे सगळं वरच्या, धूळ अडवणाऱ्या डस्ट सीलखाली जाऊन बसतं आणि एखादा कण आतल्या ऑइल सीलच्या ओठाखाली, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या रबरी कडेखाली, अडकतो. त्या कणाच्या फटीतून तेल येतं.

आमच्या ग्रुपमध्ये एक ताई आहे. ती नर्स आहे आणि तिची ३५० सीसीची गाडी ती स्वतःच उघडते. तिने जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंदीची पट्टी कापून टोकाला हुकासारखी खाच केली. डस्ट सील वर सरकवायचं, पट्टी पाइपला चिकटवून ऑइल सीलच्या ओठाखाली हळूच घालायची आणि पाइपभोवती एक फेरा मारून बाहेर ओढायची. काळा गाळ निघतो. दोन-तीनदा करायचं, मग पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दहा-बारा वेळा खालीवर करायचा आणि पुसून दोन दिवस वाट पाहायची. ग्रुपमधल्या दोन गाड्यांची गळती एवढ्यावरच थांबली. माझी थांबली नाही.

पहिली दोन सीलं

गेल्या वर्षी जुलैत कंपनीचं मूळ सील गळायला लागलं. गॅरेजवाल्या मिस्त्रीने तासाभरात नवीन बसवून दिलं. फक्त डाव्या बाजूचं. तेल किती घातलं विचारलं तर हाताने बाटलीवर एक खूण दाखवली. कोणतं तेल, ते मी विचारलं नाही. ते सील दिवाळीपर्यंत टिकलं.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत मीच बसलो. मॅन्युअल डाउनलोड केलं, दोन्ही बाजूंची सीलं आणली, १० वेटचं (वेट म्हणजे घट्टपणाचा आकडा) फोर्क ऑइल, म्हणजे शॉकअपचं तेल, आणलं. मॅन्युअलमध्ये कोरड्या शॉकअपसाठी १६५ मिली लिहिलं होतं, तेवढं मापाने ओतलं. तीन आठवड्यांत डावीकडे ओघळ आणि उजवीकडेही ओलसरपणा. म्हणजे कधी न गळलेली बाजूही मी गळती करून दाखवली.

चूक ‘कोरड्या’ या शब्दात होती. मी शॉकअप उलटे करून जुनं तेल काढलं होतं, पण डॅम्पर रॉड (तेलाची ये-जा रोखणारा आतला पोकळ दांडा) बाहेर काढून आतून धुतलं नव्हतं. आत वीस-एक मिली राहिलं असणार. त्याच मॅन्युअलमध्ये खालच्या ओळीत, न उघडता तेल बदलायचं असेल तर १४५ मिली, असं छापलेलं होतं. ती ओळ मी वाचलीच नाही.

वीस मिलीने काय बिघडतं, तर हे. पाइपचा आतला व्यास २७ मिमी धरला तर १० मिली तेल म्हणजे साडेसतरा मिमी उंची. वीस मिली जास्त झालं की पातळी ३५ मिमी वर आली. तेल दाबलं जात नाही, दाबली जाते ती वरची हवा. शॉकअप पूर्ण खाली बसतो तेव्हा त्या उरलेल्या हवेच्या जागेतच सगळा दाब तयार होतो. जागा कमी झाली की प्रत्येक खड्ड्याला तो दाब सीलवर आदळतो. स्पीडब्रेकरवर गाडी पुढून दगडासारखी लागते, हे त्याचं लक्षण. मला ते जाणवत होतं आणि मी समजत होतो की नवीन तेलाने शॉकअप छान कडक झालेत.

इथे नागपुरातला एक लाडका समज निकालात काढतो. ‘आपल्या उन्हानं सीलं फुटतात बाप्पा’ असं प्रत्येक मिस्त्री सांगतो. ३० अंशांवर बंद केलेली हवा ५० अंशांवर गेली तर तिचा दाब जेमतेम ६-७ टक्क्यांनी वाढतो. एका खड्ड्यात तो त्याच्या कितीतरी पट वाढतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं रबर म्हातारं होतं हे खरं, पण तीन आठवड्यांत होत नाही. एकच बाजू तर मुळीच होत नाही. ऊन दोन्ही शॉकअपना सारखंच लागतं.

ताईने ५० मिलीची सिरिंज आणि रुग्णांच्या नाकातून घालतात ती नळी आणली. नवीन, सीलबंद, हे तिने दोनदा सांगितलं. झाकणं आणि स्प्रिंगा काढून दोन्ही बाजूंचं जास्तीचं तेल ओढून घेतलं. उजवी बाजू त्या दिवसापासून सुकली. डावी गळतच राहिली.

मे महिन्यातला रविवार

ग्रुपमधले एक काका मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. जुनी टू-स्ट्रोक चालवतात आणि आमच्यापेक्षा जास्त फिरतात. त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न आला, “जुनी सीलं कुठे आहेत?”

फेकली होती.

“अबे, सील मरून राहिलं हे तर दिसूनच राहिलं. मारून कोण राहिलं ते सीलच सांगते न. फेकलं काऊन?”

तिसऱ्या वेळी काम त्यांच्या पद्धतीने झालं. शनिवारी सकाळी माझ्या अंगणात शॉकअप उतरवले, दुपारी पाइप हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे नेऊन, वाकलेत का ते पाहायला, डायल गेजवर फिरवले, रात्री दुरुस्ती, रविवारी पहाटे साडेपाचला जोडणी. मे महिन्यात साडेदहानंतर अंगणात पाना हातात धरवत नाही, म्हणून ही घाई.

उतरवताना लक्षात ठेवायचं ते एवढंच. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन इंजिनखाली फळी आणि जॅक लावा. कॅलिपर होजला लटकू देऊ नका, सुतळीने वर बांधा. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर कोणीतरी येता-जाता ब्रेक दाबतोच. आमच्याकडे माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याने दाबला. वरचं झाकण शॉकअप गाडीवर असतानाच थोडं सैल करायचं: दोन्ही पाइप धरणाऱ्या वरच्या प्लेटचा बोल्ट ढिला, खालच्या प्लेटचा घट्ट. शॉकअप हातात आल्यावर ते सुटत नाही. शेवटचे आटे सोडताना तळहाताने दाबून धरा, खाली स्प्रिंग आहे.

खरी मारामारी असते ती बुडाच्या ॲलन बोल्टशी. तो आतल्या डॅम्पर रॉडमध्ये बसतो आणि फिरवला की रॉडही त्याच्याबरोबर गोल फिरतो. त्यावर उपाय असा की स्प्रिंग आणि झाकण आत असतानाच हा बोल्ट सोडायचा. एकाने शॉकअप छातीशी धरून पूर्ण दाबायचा, म्हणजे स्प्रिंग रॉडला जागेवर घट्ट धरते, आणि दुसऱ्याने झटक्याने पाना मारायचा. हळूहळू जोर लावला तर फिरतोच. उजवा असा सुटला, डावा सुटला नाही. मग काकांनी माझ्या आईचा जुना झाडूचा दांडा मागितला, टोक चाकूने निमुळतं केलं, स्प्रिंग काढून पाइपातून आत घातलं आणि रॉडच्या तोंडात हातोडीने ठोकून बसवलं. दांडा मी धरला, पाना त्यांनी मारला, सुटला. आईने दांड्याची भरपाई म्हणून नवीन झाडू मागितला आणि तो मिळाल्याशिवाय कोणाला चहा दिला नाही.

या गाडीत वेगळे बुश (घासणं झेलणाऱ्या कड्या) नाहीत. पाइप थेट बॉटममध्ये, म्हणजे शॉकअपच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या नळीत, सरकतो. त्यामुळे पाइप ओढला की नुसताच निघून येतो आणि सील बॉटममध्येच राहतं. ते उचकटून काढावं लागतं, आणि इथेच अर्धी भारतीय गॅरेजं बॉटमची वाट लावतात. सरळ स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की सीलच्या बैठकीला ओरखडा पडतो. मग तेल ओठातून येत नाही, सीलच्या बाहेरच्या कडेने येतं, आणि सील कितीही बदला ते येतच राहतं. माझ्या डाव्या बॉटमला असा एक ओरखडा होता. काकांनी तो नखाने तपासला आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची धार मारली. बैठक खोल गेलेली नव्हती. आम्ही बॉटमच्या कडेवर लाकडाचा तुकडा आणि कापड ठेवून टायर लिव्हरने सील काढलं. त्याआधी बॉटम अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवलं होतं. लोक यासाठी हीट गन विकत घेतात.

आता पाइप. लेथवाल्याच्या डायलवर डावा ०.०८ मिमी आणि उजवा त्याहून कमी. मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२० ची, म्हणजे दोन्ही सरळ. पण डाव्या पाइपवर, सील जिथे थांबतं त्याच्या चार बोटं वर, गंजाचे दोन बारीक खळगे होते. डोळ्याला ठिपके दिसतात, नखाला अडकतात. अंगणात बसलेल्या सगळ्यांनी एकमताने निकाल दिला की हाच चोर. काका बोलले नाहीत.

खळगे सुईने खरवडले, ॲसिटोनने पुसले, दोन भागांचं एपॉक्सी भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी तेल लावून आधी १००० आणि मग २००० नंबरच्या पेपरने घासलं. घासायचं ते पाइपभोवती गोल. उभे ओरखडे पडले तर तेलाला वर चढायला तेवढ्या पायवाटा तयार होतात. हा उपाय लहान खळग्यांपुरताच आहे. क्रोम पापुद्र्यासारखं सुटायला लागलं असेल तर पाइप बदला किंवा नवीन हार्ड क्रोम करून घ्या, घासत बसू नका.

मग काकांनी दोन गोष्टी केल्या, ज्या तेव्हा मला नसता उद्योग वाटल्या.

एक, पाइपांची अदलाबदल. डाव्याचा पाइप उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. बॉटम बदलता येत नाहीत, एकावर कॅलिपर आहे, पण आतले पाइप दोन्ही बाजूंचे सारखेच होते. “गळती पाइपाबरोबर गेली तर पाइप दोषी. डावीकडेच राहिली तर पाइप सुटला.”

दोन, नवीन सीलवर ताईच्या नेलपॉलिशचा एक ठिपका, आणि तो ठिपका गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवून सील बसवलं. का विचारलं तर म्हणाले, “वर्कशॉपची सवय.”

सील ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. आतून ३१ मिमीचा पाइप मोकळा जाईल आणि कड सीलच्या बाहेरच्या घेरावर बसेल असा निवडा. मध्ये जुनं सील ठेवून ठोका, म्हणजे नवीन सीलला थेट मार बसत नाही. पाइपच्या वरच्या तोंडावर दुधाची पिशवी कापून गुंडाळायची, तिला तेल लावायचं आणि त्यावरून सील सरकवायचं. पाइपच्या धारेने ओठ कापला जात नाही. सीलवरचे आकडे वरच्या बाजूला. आवाज ‘ठप्प’वरून ‘टण्ण’ झाला की सील तळाला बसलं, मग सील धरून ठेवणारं तारेचं लॉक त्याच्या खाचेत पूर्ण बसतं. बुडाच्या बोल्टला नवीन तांब्याचं वॉशर आणि थेंबभर थ्रेडलॉक, मॅन्युअलमध्ये कसायचा टॉर्क २० न्यूटन मीटर.

तेलाची पातळी या वेळी मिलीवर सोडली नाही. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, पाइप सरळ उभा. आधी तेल घालून पाइप वीसेक वेळा खालीवर केला, बुडबुडे थांबेपर्यंत. मग ताईच्या नळीवर मॅन्युअलमधल्या अंतरावर टेप लावली, टेप पाइपच्या काठाला टेकवली आणि नळीच्या तोंडावरचं सगळं तेल सिरिंजने ओढून घेतलं. दोन्ही बाजूंना अगदी सारखी पातळी. तेलाबद्दल एक लक्षात घ्या, एका कंपनीचं १० वेट आणि दुसरीचं १० वेट सारखं पातळ असेलच असं नाही. बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ४० अंशांवरची सेंटीस्टोक्स (पातळपणाचं माप) दिलेली असते, ती जुळवा. आणि दोन्ही बाजूंना एकाच बाटलीतलं तेल घाला. इंजिन ऑइल घालू नका. ग्रुपमधला एक इंजिनिअरिंगचा पोट्टा म्हणाला, “घालून राहिले न सगळे.” हो. म्हणून सगळ्यांच्या गाड्या तशा चालतात.

साडेनऊला काकांना लग्नाला जायचं होतं. चाक, एक्सल, मडगार्ड बाकी होतं. ते मी आणि पोट्ट्याने लावलं, घामाने डोळे मिटत असताना. मग तर्री पोह्यांसाठी निघालो. मी सगळ्यांचे पैसे दिले, कारण मला वाटलं काम फत्ते झालं.

सहाशे किलोमीटर

माझं ऑफिस बुटीबोरीला. रोजचे साठ किलोमीटर. एका रविवारी रामटेक-खिंडसी करून आलो. साधारण सहाशे किलोमीटरनंतर, पहिला पाऊस पडायच्या आधीच, पाइपवर कडं आलं.

डावीकडे.

खळग्यांचा पाइप आता उजवीकडे होता आणि उजवीकडे एक थेंब नव्हता. म्हणजे ज्याला आम्ही चोर ठरवलं तो निर्दोष सुटला होता. फोनवर काका हसले नाहीत, फक्त म्हणाले, “आता सील फेकू नको बाप्पा.”

दुसऱ्या रविवारी डस्ट सील वर करून सगळं कोरडं पुसलं, टाल्कम पावडर शिंपडली आणि शॉकअप दाबला. पावडर ओली झाली ती पाइप आणि ओठाच्या मध्ये, बाहेरच्या कडेला नाही. म्हणजे बैठकीचा ओरखडाही सुटला. आणि ओलावा पूर्ण गोल नव्हता. चाकाकडच्या बाजूला एक चंद्रकोर.

सील काढलं. नेलपॉलिशचा ठिपका पुढे धरून पाहिलं तर ओठाची चाकाकडची बाजू चपटी झालेली, बाकी घेर नवाकोरा. पाइपवरही त्याच बाजूला, फक्त उजेडात तिरकं धरल्यावर दिसेल असा, घासलेला उभा पट्टा. पाइप मध्ये चालत नव्हता. कोणीतरी त्याला कायम एका बाजूला रेटत होतं.

काकांनी आधी घरातल्या एका फोटो फ्रेमची काच मागितली. दोन्ही पाइपांच्या उघड्या भागावर आडवी टेकवली. काच डुगडुगली असती तर खालची प्लेट पिळलेली, असा तो अर्थ. काच चारही कोपऱ्यांनी टेकली. म्हणजे वरचा भाग ठीक.

मग त्यांनी नवीन सील घालून शॉकअप जोडायला लावले, पण स्प्रिंगांशिवाय. चाक लावलं, एक्सल नेहमीसारखा कसला. आणि मला सांगितलं, चाक दोन्ही हातांनी उचल. स्प्रिंगा नसल्या की चाक नुसत्या तेलाच्या विरोधात वर जायला हवं, शेवटपर्यंत एकसारखं. ते अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडकलं. मी जोर लावला तर कचकन थोडं पुढे गेलं.

“आता क्लॅम्प ढिला कर.”

या गाडीत एक्सल डावीकडून जातो आणि उजवीकडे त्याला नट बसतो. नट कसला की एक्सल, चाक आणि उजवं बॉटम एकत्र जखडतात. डावं बॉटम एक्सलवर नुसतं सरकतं. त्याला जागेवर धरतो तो बुडाजवळचा छोटा क्लॅम्प बोल्ट. तो बोल्ट सोडला आणि चाक दोनदा खालीवर केलं, तर डावं बॉटम स्वतःहून बाहेर सरकलं. एक्सलवर मार्करने केलेल्या रेघेपासून मोजलं तर तीन मिमी. आणि चाक वरपर्यंत लोण्यासारखं जायला लागलं.

म्हणजे दर वेळी मी क्लॅम्प आधी कसत होतो आणि नट नंतर. डावा शॉकअप तीन मिमी आत ओढलेल्या अवस्थेत बांधला जात होता, दोन पाइप समांतर राहत नव्हते आणि वर जाताना डावा पाइप सीलला चाकाच्या बाजूने रेटत होता. मग उजवं सील का नाही मेलं, हा माझा प्रश्न. काकांनी शॉकअप ताणून डावं बॉटम हाताने हलवून दाखवलं, मग उजवं. डाव्यात खेळ थोडा जास्त होता. आठ वर्षं ब्रेकचा झटका त्याच बाजूने खाल्लाय. ओढ दोन्हीकडे असते, मोडते ती आधीच सैल झालेली बाजू.

मग मी मागचं आठवायला लागलो. कंपनीचं मूळ सील सात वर्षं टिकलं आणि गेल्या वर्षी जुलैत गेलं. त्याच्या तीन आठवडे आधी, जूनमध्ये, मी पुढचा टायर बदलून घेतला होता. चाक काढलं गेलं, घालताना क्लॅम्प आधी कसला गेला. त्यानंतर दर दुरुस्तीला चाक निघालं आणि दर वेळी तीच चूक परत झाली. गॅरेजात झाली, माझ्याकडून झाली, पोट्ट्याकडून झाली.

आता चाक असं बसवतो

स्पीडोमीटरच्या गिअरचे कान हबच्या खाचेत बसलेत का, हे आधी पाहायचं. ते खाचेवर चढून राहिले तर चाकाची रुंदी तेवढी वाढते आणि शॉकअप बाहेर रेटले जातात, माझ्या बरोबर उलटा प्रकार. मग एक्सल घालून नट पूर्ण कसायचा, क्लॅम्प सैलच. कॅलिपर लावायचा, लिव्हर चार-पाच वेळा मारून पॅड डिस्कला आणायचे. गाडी स्टँडवरून खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि हँडलवर वजन टाकून शॉकअप आठ-दहा वेळा जोरात दाबायचा. डावं बॉटम आपली जागा आपण शोधतं. त्यानंतर शेवटी, गाडी जमिनीवर असतानाच, क्लॅम्प बोल्ट. हे सगळं मॅन्युअलमध्ये दोन ओळींत लिहिलेलं होतं, चाकाच्या प्रकरणात. मी शॉकअपचं प्रकरण वाचत होतो.

तुमच्या गाडीला क्लॅम्प उजवीकडे असेल किंवा नसेलही. काही गाड्यांत दोन्हीकडे असतो. कोणती बाजू एक्सलवर मोकळी सरकते ते शोधा, तिला शेवटी बांधा.

जूनच्या त्या रविवारपासून आज चार हजार किलोमीटर झाले, अख्खा पावसाळा धरून. दर पंधरा दिवसांनी डस्ट सीलखाली पांढरा कागद फिरवतो, कोरडा निघतो. पावसाळा संपल्यावर दोन्ही डस्ट सील वर करून साफ केले आणि आत सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला, कारण पाणी तिथेच साचतं आणि खळगे तिथेच पडतात. एपॉक्सी भरलेला पाइप अजून उजवीकडेच आहे. नवीन पाइप आणून ठेवलाय, पण काका म्हणतात, चालून राहिला तोवर चालू दे.

मागच्या आठवड्यात पुढचं चाक पंक्चर झालं. मानेवाड्याच्या पंक्चरवाल्याने चाक बसवून पाना उचलला, तर मी त्याच्या हातातून घेतला आणि गाडीवर बसून शॉकअप दाबायला लागलो. तो दोन मिनिटं पाहत राहिला, मग म्हणाला, “भाऊ, हवा टायरात भरली मी. तुम्ही कुठं भरून राहिले?”